भावोजींच्या घड्याळावरचे ओरखडे

४ जून

मामा,

तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे ताईकडून कळले. वाईट वाटले. पण तुम्ही घरी बसून आहात म्हणजे उत्तर लवकर येईल असेही मनात आले, त्याबद्दल क्षमा करा.

प्रश्न असा आहे. स्टीलचे घड्याळ घरच्या घरी पॉलिश करता येते का? तुम्ही एकतीस वर्षे नळांना आणि दारांच्या मुठींना पॉलिश केलेत, म्हणून तुम्हालाच विचारतो. घड्याळ भावोजींचे आहे. ताईच्या लग्नात तुम्हीच त्यांना दिले होते. वीस तारखेला व्यापारी मंडळाचे दुपारचे जेवण आहे, त्याआधी ते नव्यासारखे दिसले पाहिजे असे ते म्हणाले. दुकानात द्यायचे नाही. "तूच कर, तुझा हात हलका आहे," म्हणाले.

मी ते भिंगाखाली पाहून टिपून ठेवले आहे. पट्ट्याच्या खटक्यावर तीन ओरखडे, तिन्ही आडवे, मधला खोल, नखाला लागतो. तबकडीच्या बाजूच्या चकचकीत कडेवर एक ठोकर. काचेला काही नाही. कड्यांच्या फटींत काहीतरी तांबूस वाळून बसले आहे. खिडक्यांच्या काचांना आम्ही लांबी भरतो, ती असावी. घड्याळ काच कापायच्या टेबलाला घासले असे समजा.

आमचे ठीक आहे. मी खाली दुकानात काच कापतो आणि मागच्या खोलीत झोपतो. ताई आणि भावोजी वरच्या मजल्यावर. ताईच्या डाव्या डोळ्याखाली सूज आहे, कपाटाचे दार लागले. ती म्हणाली, मामांना लिहू नकोस. पण न लिहिणे मला खोटे बोलण्यासारखे वाटते.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा


१० जून

टापटीप,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, "बघा, एक खाडाखोड नाही. नाहीतर तुमची यादी, वाणी उलटी धरून वाचतो." पाय मोडलेला नवरा म्हणजे घरातलं अडगळीचं फर्निचर, येता-जाता कुणीही ठेच लागली म्हणून शिव्या देतं. तेव्हा तू काम दिलंस हे बरं झालं.

आधी धुणं, मग झाकणं, मग घासणं. हा क्रम मोडू नकोस.

स्टीलचे दोन चेहरे असतात. एक आरशासारखा, एक रेघांचा. तुझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर आणि खटक्यावर उभ्या दिशेनं केसासारख्या बारीक रेघा आहेत. कडा मात्र आरसा. त्या कडा आणि काच चिकटपट्टीनं झाक. मग भांडी घासायची हिरवी घासणी घे. नवी घे, मामीच्या घासणीत पातेल्याचा अर्धा जन्म अडकलेला असतो. पुढे नेताना टेकवायची, परत आणताना उचलायची. मांजराला आपण शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळत नाही, तसं. जोर लावू नकोस. जोर लावणाऱ्यानं धातूच्या वाटेला जाऊ नये.

रेघा झाल्या की पट्टी बदल. आता रेघा झाक आणि कडा उघड्या ठेव. त्यांना आधी हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, मग दोन हजारचा, शेवटी फ्लॅनेलवर पॉलिशची पांढरी वडी. घाई करायची नाही.

आणि एक ध्यानात ठेव. ओरखडा पुसला जात नसतो. त्याच्या आजूबाजूचं स्टील त्याच्याइतकं खाली आणावं लागतं. म्हणजे दर वेळी घड्याळ थोडं कमी होतं.

राहिली ती तांबूस लांबी. गार पाणी, साबण, दात घासायचा जुना ब्रश. पण वाळलेली लांबी पाण्याला दाद देत नाही, टाचणीनं खरवडावी लागते. तुझी कशानं निघाली ते मला कळव.

ताईला म्हणावं, कपाटाचं दार एवढं तापट असेल तर मामा येऊन बिजागऱ्या काढून ठेवेल.

मामा


२१ जून

मामा,

तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सगळे केले. लांबी गार पाण्यानेच निघाली. टाचणी लागली नाही. पाणी गुलाबी झाले.

ताई शेजारी बसून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होती. तिने विचारले, "याला किती वेळ लागेल?" मी म्हणालो, दोन तास. ती म्हणाली, "सावकाश कर. चार लागू देत."

रेघा सरळ आल्या. मधला ओरखडा थोडा राहिला, पण उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. जेवणाला भावोजी मला आणि ताईला बरोबर घेऊन गेले. तिथे घड्याळ काढून सगळ्यांच्या हातांतून फिरवले आणि म्हणाले, "मेहुणा आहे माझा. शाळा अर्धी, पण डोळे चार." आरशांचे व्यापारी म्हणाले, "आम्हाला द्या हो हा मेहुणा, बदल्यात आमचे दोन घ्या." सगळे हसले. मला आनंद झाला. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाला.

संध्याकाळी ताई जिन्यावरून पडली. ओठ फुटला आणि मनगट मुरगळले. आज सकाळी घड्याळ पुन्हा माझ्या टेबलावर आहे. खटक्याच्या उजव्या कोपऱ्याला दोन नवे ओरखडे, आणि त्यांत चुन्याची पांढरी पूड.

मामा, असे पुन्हा पुन्हा घासले तर पट्टा किती दिवस टिकेल?

तुमचा भाचा


२७ जून

टापटीप,

हे पत्र मी मामीला वाचून दाखवलं नाही. तिनं माझं तोंड बघितलं आणि हातातून घेऊन स्वतःच वाचलं.

लांबी गार पाण्यानं निघत नाही. रक्त निघतं. कारखान्यात पॉलिश करायच्या बफच्या चाकात गेलेली बोटं मी पाहिलीत आणि नंतर ते चाक धुतलंय. गरम पाणी घातलं तर रक्त धातूला धरून बसतं, गार पाण्यात गुलाबी होऊन निघून जातं.

तुमच्या जिन्याला दोन्हीकडून लोखंडी कठडा आहे. मी तो धापा टाकत चढलोय. तिथे चुना कुठून आला?

खटका मनगटाच्या आतल्या बाजूला असतो. टेबलाशी काम करणाऱ्याचा खटका घासतो, पण ते ओरखडे बारीक आणि चहूकडे विखुरलेले. तुझे आडवे आणि खोल आहेत. उघड्या पंजानं मारलं आणि हात भिंतीवर गेला की खटका घासतो. उलट्या हातानं मारलं की तबकडीची कड ठोकरते. तुझ्या पहिल्या पत्रात दोन्ही आहेत.

आणि एक सांगतो, ते नीट वाच. माणसाच्या गालानं स्टीलवर ओरखडा पडत नाही. ओरखडा पडला म्हणजे हात चुकला आणि भिंतीला लागला. तू जे ओरखडे मोजून मला लिहिलेस, ते पोरीनं चुकवलेले. लागलेले किती, ते घड्याळावर कधीच दिसणार नाही.

जावई मी शोधला. घड्याळ मी दिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्या कडा मी माझ्या हातानं आरसा केल्या आणि चार लोकांना दाखवत फिरलो.

मला खरं लिही. आणि तिला घेऊन इकडे ये. खोली रिकामीच आहे.

मामा


३ जुलै

मामा,

तुम्ही विचारलेत म्हणून क्रमाने लिहितो.

मी इथे राहायला आलो त्याला चार वर्षे झाली. चार वर्षे मी ऐकतो आहे. भावोजी ओरडत नाहीत. वर खुर्ची सरकते, मग पावले, मग तो आवाज. ताईही ओरडत नाही.

परवाचे सांगतो. ताईने शेजारच्या शिंपीणबाईंना आमची घडीची शिडी दिली होती. भावोजींना शिडी हवी होती, ती जागेवर नव्हती. त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "ताईने दिली असेल." तेवढ्यावर ते वर गेले. मी तेव्हा सहा फुटी काचेवर कटरने रेघ मारत होतो. रेघ अर्धी सोडली तर काच वाकडी तुटते आणि वाया जाते. वर पहिला आवाज आला. मी रेघ पुरी केली. दुसरा आला, तिसरा आला. मी काच टेबलाच्या कडेवर घेतली आणि मोडली. सरळ मोडली. मग मी दुसरी काच घेतली. दुसरी काच कोणी मागितलेली नव्हती.

ते खाली आले, बाही सारखी केली आणि घड्याळ माझ्यापुढे ठेवले. "पुढच्या रविवारपर्यंत कर. रेघा मोडू नकोस."

मी वर गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सांडलेले तांदूळ गोळा करत होती. तिच्या कानातून रक्त येऊन मानेवर उतरले होते. काही तांदूळ लाल होते, ते ती वेगळे काढत होती. तिने विचारले, "तू कधी आलास?" मी म्हणालो, "आत्ताच बाहेरून येतोय."

तुमच्याकडे यायचे विचारले. म्हणाली, "पाय मोडलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसू? आणि हा काय गप्प बसेल? तिथे येऊन मामांचा दुसरा मोडेल."

मामा, आता जे लिहितो ते मामींना वाचू देऊ नका. भावोजी दुपारी खुर्चीत मान मागे टाकून झोपतात. गळा पूर्ण उघडा असतो. मी तीन दिवस तो गळा पाहतो आहे. काचेच्या कापातून लांब निमुळते तुकडे उरतात. एका टोकाला चिंधी गुंडाळली तर हाताला लागणार नाही. कानाखाली चार बोटे, तिथे शीर उडताना दिसते. किती खोल जावे लागेल हेही मी ठरवले आहे.

हे पाप आहे का ते लिहा.

तुमचा भाचा


९ जुलै

टापटीप,

पापपुण्य मला कळत नाही. एवढं कळतं की तू आत गेलास तर तिच्याजवळ कोण उरेल? एक लंगडा म्हातारा आणि त्याच्यावर ओरडणारी म्हातारी. तो तुकडा कचऱ्यात टाक. दुपारी तो झोपला की तू दुकानाबाहेर जाऊन उभा राहा.

आता मी सांगतो ते कर. टेबलावर ते घड्याळ आहे ना, त्याला हात लावू नकोस. धुऊ नकोस, पुसू नकोस. रुमालानं उचल, कागदाच्या पिशवीत घाल आणि सरळ चौकीत जा. म्हण, हे माझ्या बहिणीचं रक्त आणि हे भिंतीचे ओरखडे. एरवी तू बोलताना जीभ गिळतोस. या वेळी घड्याळ दाखव, ते पुरे आहे.

रविवारची वाट बघू नकोस. प्लास्टर निघायला अजून महिना आहे, नाहीतर मीच आलो असतो.

मामा


२० जुलै

मामा,

हे इस्पितळातून लिहितो आहे. ताई जिवंत आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे आणि तारेने बांधला आहे. डाव्या डोळ्याचे डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

तुमचे पत्र आले तेव्हा घड्याळ आधीच साफ करून झाले होते. रविवारी द्यायचे होते म्हणून मी शनिवारीच केले होते. म्हणून पत्र मी डब्यात ठेवले. तुमची सगळी पत्रे मी तारखेप्रमाणे चिकटपट्टीच्या डब्यात ठेवतो. सोळा तारखेला भावोजींना चिकटपट्टी लागली.

त्यांनी पत्र उभ्याने वाचले. बाकीचीही वाचली. मग ती फाडली नाहीत, घडी घालून खिशात ठेवली आणि वर गेले. त्यांना वाटले ताईने तुम्हाला कळवले.

या वेळी मी कटर टाकला. काच अर्ध्यावर होती. वर पोहोचलो तेव्हा त्यांनी घड्याळ मनगटावरून पुढे सरकवून मुठीवर घेतले होते. डाव्या हाताने ताईचे केस धरून तिला भिंतीशी उभे केले होते, आणि उजव्याने ते काही न बोलता मारत होते, खिळा ठोकावा तसे. जबडा मोडल्याचा आवाज मी ओळखला. काच मोडताना तसाच येतो. मी त्यांच्या पाठीवर उडी घेतली. त्यांनी कोपर मारले, मी पडलो. मग बुटाने तोंडावर मारले. माझे समोरचे दोन दात गेले आणि एक कान फाटला. मी त्यांच्या पायाला चावलो, सोडला नाही. ते दमले म्हणून थांबले. मोरीत जाऊन हात धुतले. खालून गिऱ्हाईक हाक मारत होते. जाताना घड्याळ माझ्या छातीवर टाकले आणि म्हणाले, "साफ कर."

शिंपीणबाई आणि मी ताईला टेम्पोत घालून इथे आणले. परिचारिका म्हणाल्या, तिचे कपडे आणा. मी घरी गेलो. घड्याळ खिशात होते. चौकी घर आणि इस्पितळ यांच्या मधोमध आहे.

मामा, तुमचे पत्र मला पाठ आहे. धुऊ नकोस, पुसू नकोस. पण मनात आले की चौकीत असली वस्तू कशी द्यायची? साहेब हातात घेतील. मी नुसते पाण्याखाली धरणार होतो. मग ब्रश हातात आला. मग पट्टी. माझे तोंड रक्ताने भरलेले होते, मी थुंकत होतो आणि घासत होतो. एकाच दिशेने, परत आणताना उचलून. भानावर आलो तेव्हा कडांवर फ्लॅनेल फिरवत होतो. सगळ्यात जुना खोल ओरखडासुद्धा निघाला होता. इतके चांगले काम माझ्या हातून कधी झाले नव्हते.

हवालदारांनी ते पिशवीतून काढले आणि म्हणाले, "हे? हे तर शोकेसमधलं दिसतंय." दुसरे म्हणाले, "बहिणीच्या नवऱ्याचं घड्याळ ढापलं आणि वर तक्रार." भावोजींनी लिहून दिले आहे की ताई काचा उभ्या ठेवायच्या घोडीवर पडली आणि मला वेडाचा झटका येतो. दुकानातल्या गाडीवाल्याने त्याखाली सही केली.

चौकीच्या मोठ्या बाईसाहेब दर सोमवारी येतात. त्यांनी दुसरा पुरावा मागितला तर मी काय देऊ? तुम्हाला लिहिलेली माझी पत्रे तेवढी आहेत. त्यांत सगळ्या तारखा आहेत. ती पाठवा.

तुमचा भाचा


२६ जुलै

टापटीप,

माझ्या पत्रानं तिचा जबडा मोडला. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

तुझी चारही पत्रं काढून वाचली. तुला तारखा आठवतात. मजकूर आठवतो का? पहिल्या पत्रात कपाटाचं दार आहे. दुसऱ्यात जिना. तिसऱ्यात तू त्याचा गळा बोटांनी मोजलास आणि शस्त्राला चिंधी बांधलीस. चौथ्यात पुरावा धुऊन पुसून दिलास. त्याच्या वकिलाला ही मिळाली तर तो तुला पेढे वाटेल. सगळं तुझ्या अक्षरात, एकही चूक नसलेलं.

मामी म्हणाली, चुलीत घाला आणि मिळाली नाहीत म्हणून कळवा. मी काडीसुद्धा ओढली होती. मग वाटलं, घासूनपुसून देण्याचा हा माझाही धंदा झाला. विझवली.

पत्रं सोबत पाठवतोय. ती तुझी आहेत. दिलीस तर चारही दे. त्यातलं एक निवडून देऊ नकोस. आणि नुसती देऊन खाली बघत उभा राहू नकोस. प्रत्येक खोट्याशेजारी त्या दिवशी खरं काय झालं ते तोंडानं सांग. लाज वाटेल. लाजेनं कुणाचे दात पडत नाहीत.

प्लास्टर चार तारखेला काढतायत. त्यानंतर टॅक्सीनं येतो. मामी पुढच्या सीटवर बसणार आहे, म्हणजे ड्रायव्हरची काही धडगत नाही.

मामा


५ ऑगस्ट

मामा,

चारही दिली.

बाईसाहेबांनी मला टेबलासमोर बसवले. भावोजी बाजूच्या बाकावर होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईसाहेब एकेक वाक्य मोठ्याने वाचत आणि थांबत. "कपाटाचं दार?" मी म्हणालो, "खोटं आहे. त्या दिवशी पाण्याचा तांब्या उशिरा आला म्हणून दोनदा मारलं." "जिना?" "खोटं आहे. मंडळाच्या जेवणात ताई व्यापाऱ्यांच्या बोलण्यावर हसली, म्हणून मारलं." माझे दोन दात नाहीत, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते, लिहून घेणाऱ्याला दोनदा सांगावे लागत होते. काचेचेही सांगितले. दुसरी काच घेतली तेही.

गळ्याचे वाचताना भावोजी उठून उभे राहिले. म्हणाले, "बघा. खुनी कोण आहे ते बघा." बाईसाहेबांनी त्यांना खाली बसवले आणि मला विचारले, "मारणार होतास?" मी म्हणालो, "हो. तीन दिवस." "मग?" "मामांनी दुकानाबाहेर उभं राहायला सांगितलं. उभा राहिलो."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग घड्याळ हातात घेऊन म्हणाल्या, "तू ओरखड्यांची एवढी वर्णनं लिहिलीस, आणि यावर एकही नाही." मला तुमचे वाक्य आठवले आणि मी म्हणालो, "ओरखडे भिंतीला लागून पडलेत बाईसाहेब. भिंत कुणी घासलेली नाही."

त्या तेव्हाच उठल्या. आम्ही सगळे घरी गेलो. स्वयंपाकघरात, ओट्याच्या डाव्या बाजूला, ताईच्या डोक्याच्या उंचीवर. मी दाखवत गेलो. कपाटाआड काही ओरखडे होते, कपाट सरकवले. खटक्याची कड चुन्यात जिथे रुतली आहे तिथे दोन समांतर रेघा येतात, मधले अंतर खटक्याच्या रुंदीइतकेच. बाईसाहेबांनी घड्याळ भिंतीला लावून पाहिले. एकोणीस ठिकाणी बसले. विसाव्या ठिकाणी, खाली, चुन्यात एक केस होता. तो त्यांनी चिमट्याने काढला. गाडीवाला दारात उभा होता, तो म्हणाला, "मी जे लिहून दिलंय ते परत मिळेल का?"

भावोजींना घेऊन गेले आहेत. किती दिवस ठेवतील ते माहीत नाही. वकील आला आहे. जाताना भावोजी मला म्हणाले, "घड्याळ परत मिळालं की तुझ्याकडेच येईल."

संध्याकाळी बाईसाहेबांनी माझा जबाब ताईला वाचून दाखवला. तिला बोलता येत नाही, खरे असेल तिथे मान हलवायची होती. तिने प्रत्येक ठिकाणी हलवली. शिडीच्या दिवशी मी खाली होतो, बाहेर नव्हतो, हे तिला आजच कळले. तेव्हापासून तिने माझ्याकडे पाहिलेले नाही.

तुम्ही या आणि तिला घेऊन जा. मी खटला उभा राहीपर्यंत इथेच राहायला पाहिजे. फ्रेम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे काम आणि माळ्यावर झोपायला जागा मिळाली आहे.

तुमचा भाचा


३० ऑक्टोबर

टापटीप,

तुझी सात पत्रं मामांच्या नावावर आली आणि सातहींत शेवटी "ताई कशी आहे" होतं. तेव्हा मीच लिहिते.

जबड्याची तार काढली. भाकरी अजून चावत नाही, भात चावते. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. मामी मला दिवसातून चार वेळा खायला घालते आणि मामांना तेवढ्याच वेळा बोलते. मामा काठी टेकत चालतात आणि मी बाहेर निघाले की मागे येतात. म्हणतात, मला व्यायाम सांगितलाय. त्यांनी घरातल्या आतल्या सगळ्या भिंतींना हात लावून पाहिला, मी बघत होते. काय शोधत होते कोण जाणे. तो जामिनावर सुटलाय हे त्यांनी मला सांगितलं. लपवलं नाही, ते बरं केलं.

तू मामांना लिहिलंस की मला जबाबाच्या दिवशी कळलं. तसं नाही. तू खाली असलास की मला कळायचं. कटरचा आवाज वर येतो. पहिली दोन वर्षं मार खाताना मी तोच ऐकायचे. आता थांबेल, आता जिन्यावर पाय वाजतील. थांबायचा नाही. पुढे मी ऐकणं सोडून दिलं. शिडीच्या दिवशी "तू कधी आलास" असं मी उगाच विचारलं नव्हतं.

सोळा जुलैला तो आवाज थांबला. तेही मी ऐकलं. दोन्ही ऐकलंय, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही. तुझ्या तोंडावर बूट पडला तेव्हा माझ्या मनात आलं की बरं झालं. हे तुला माहीत असावं.

मामा म्हणतात तुला दोन दिवस बोलावू. मी नको म्हणाले. मामी माझ्या बाजूनं आहे, मामा रुसलेत. सुनावणीला मी येईन. तुझ्या शेजारी बसेन की नाही ते तिथे आल्यावर बघू. साक्ष मात्र पुरी देईन.

तोवर मला लिही, मामांच्या नावावर नको. दिवसभरात काय केलंस, कुणाशी बोललास, तो दुकानाबाहेर येऊन उभा राहतो का, तू घाबरलास का. काय करायला हवं होतं ते लिहू नकोस, ते वाचायची ताकद माझ्यात नाही. उत्तर येईलच असं धरून चालू नकोस. तरी लिही.

ताई